पाच थांब्यांचा दिवस

नॉम पेन्हच्या नदीकाठी सकाळी आठच्या सुमारास हॉटेलातून बाहेर पडलेल्या पाहुण्याला सर्वांत आधी गाठतो तो रिक्षावाला. त्याच्याकडे बऱ्याचदा लॅमिनेट केलेलं एक कार्ड असतं आणि त्यावर चौकोनी चित्रं: सोनेरी छपरांचा राजवाडा, काटेरी तारांआडची तीनमजली इमारत, काचेमागे रचलेल्या कवट्या, कापडचोपडांनी भरलेला बाजार. काहींच्या कार्डावर पाचवं चित्रही असतं, एके-४७ रायफलीचं. घोळक्यानं आलेले तरुण दिसले की त्याचं बोट आधी तिथे जातं. सगळं मिळून दिवसभराचा भाव सांगितला जातो, तो डॉलरमध्ये. पाहुणा घासाघीस करतो, रिक्षावाला थोडं खाली येतो आणि सहल सुरू होते.

ही रिक्षा अलीकडे पुष्कळदा बजाजची असते. मोटारसायकलला गाडा जोडलेल्या जुन्या तिथल्या टुकटुकला या भारतीय तीनचाकीनं गेल्या दहा वर्षांत चांगलंच मागे टाकलं आहे. पुण्या-मुंबईहून गेलेला माणूस परक्या शहरातल्या पहिल्याच सकाळी ओळखीच्या बाकावर बसतो, फक्त मीटरच्या जागी मोबाइलचं ॲप असतं.

मराठी पर्यटक कंबोडियात जातो तो मुख्यतः अंगकोरसाठी. विष्णूचं एवढं मोठं देऊळ, भिंतीवर कोरलेलं समुद्रमंथन, सूर्योदयाचा फोटो, या सगळ्यासाठी सियाम रीप गाठायचं असतं. नॉम पेन्ह मध्ये येतं. व्हिएतनामकडून रस्त्यानं येताना एक मुक्काम पडतो आणि त्या मुक्कामातला मोकळा दिवस कसा भरायचा, हा प्रश्न कार्डावरची चित्रं सोडवून टाकतात. कार्यक्रमपत्रिकेत ओळ असते ती ‘शहरदर्शन’ एवढीच.

पहिला थांबा राजवाड्याचा, कारण उन्हं चढायच्या आत तो उरकायचा असतो. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आवारातल्या चांदीच्या पॅगोड्याची जमीन पाच हजारांवर चांदीच्या फरश्यांची आहे, प्रत्येक फरशी किलोभराहून जड. त्यातल्या बहुतेकींवर गालिचे अंथरलेले, त्यामुळे कोपऱ्यातून डोकावणारी थोडीशी चांदी पाहून लोक पुढे सरकतात. आत सोन्याचा बुद्ध आहे, हिऱ्यांनी मढवलेला. बाहेरच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर ख्मेर रामायण रंगवलेलं आहे, खालचा भाग ओलीनं पोपडे धरून गळून गेला आहे. पण आपला हनुमान चटकन ओळखू येतो आणि मराठी घोळका तिथे हमखास रेंगाळतो.

याच राजवाड्यात ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत राजे नोरोदोम सिहानूक नजरकैदेत होते. भोवतालचं शहर रिकामं होतं. गाइडनं हे सांगितलं तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहत नाही, कारण दाराबाहेर हॉर्न वाजत असतात आणि शहाळीवाला हाका मारत असतो.

शहर रिकामं झालं ते १७ एप्रिल १९७५ रोजी आणि पुढच्या काही दिवसांत. ख्मेर नववर्ष नुकतंच सरलं होतं. पाच वर्षांचं यादवी युद्ध संपलं म्हणून लोक पांढरी फडकी घेऊन रस्त्यावर आले, काळ्या कपड्यांतल्या पोरसवदा सैनिकांचं त्यांनी स्वागत केलं. काही तासांत ध्वनिक्षेपकांवरून हुकूम सुटला: अमेरिकन बॉम्ब टाकणार आहेत, दोन-तीन दिवसांसाठी गावाकडे निघा. अमेरिकेनं १९७३ पर्यंत या देशावर पाच लाख टनांच्या आसपास बॉम्ब टाकलेच होते, त्यामुळे थाप खरी वाटण्यासारखी होती. निर्वासितांमुळे वीस लाखांवर गेलेलं शहर चालत बाहेर पडलं. इस्पितळांतले रोगी खाटांसकट ढकलत नेले गेले. पुढे पैसा रद्द झाला, मध्यवर्ती बँकेची इमारत उडवून दिली गेली, शाळा बंद पडल्या. दोन-तीन दिवस म्हणून निघालेले लोक तीन वर्षं, आठ महिने, वीस दिवस शहराबाहेर राहिले. कंबोडियात हा आकडा अजून असाच सांगतात, वर्षं-महिने-दिवस सुटे करून. या काळात सतरा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीनं, आजारानं, अतिश्रमानं मेली किंवा मारली गेली. म्हणजे देशातल्या दर चार-पाच जणांमागे एक.

राजवाड्यापासून दुसऱ्या थांब्याला जायला रिक्षाला फार वेळ लागत नाही. तुओल स्लेंग ही १९६०च्या दशकात बांधलेली शाळा. आजही ती प्रथमदर्शनी शाळाच वाटते: मधे पटांगण, चारी बाजूंना लांब व्हरांड्यांच्या इमारती, चाफ्याची झाडं. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावातलं एखादं हायस्कूल असंच असतं. ख्मेर रूजनं तिला एस-२१ असं नाव दिलं आणि कोठडी केली. तिचा प्रमुख कांग गेक इआव, पक्षातलं नाव डुच, हा पूर्वी गणिताचा शिक्षक होता. त्यानं प्रत्येक कैद्याची नोंद ठेवली, फोटो काढवला, कबुलीजबाब लिहून घेतला, त्यावर शेरे मारले, लाल शाईनं दुरुस्त्या केल्या. या नोंदींमुळेच पुढे तो खटल्यात अडकला. न्यायालयानं धरलेला मृतांचा किमान आकडा १२,२७२ आहे. जिवंत बाहेर आलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

तिकीट पाच डॉलर, कानाला लावायच्या निवेदनाचे आणखी पाच. फाटकातून आत गेल्यावर एक पाटी दिसते: हसरा चेहरा, त्यावर लाल काट. धूम्रपानबंदीच्या पाटीसारखी हास्यबंदीची पाटी. ही का लावावी लागली असेल, हे पुढच्या तासाभरात कळतं. माणसं मुद्दाम हसत नाहीत. पण मोबाइल समोर धरला की चेहऱ्याला एक सवय असते आणि ती सवय जागा बघत नाही.

‘अ’ इमारतीच्या तळमजल्यावर वर्गाएवढ्या खोल्या आहेत. प्रत्येकीत एक लोखंडी खाट, पायाला अडकवायची बेडी, दारूगोळ्याचा पत्र्याचा डबा, जो कैद्याला शौचाला दिला जाई. जमिनीवर पिवळ्या-पांढऱ्या चौकडीच्या फरश्या. भिंतीवर एकच मोठा, धूसर, काळा-पांढरा फोटो: हीच खोली, हीच खाट, तिच्यावर एक प्रेत. जानेवारी १९७९मध्ये व्हिएतनामी सैन्य शहरात शिरलं, तेव्हा त्यांच्याबरोबरचा वार्ताहर हो व्हान ताय याला कुजल्याचा वास आला आणि वासामागोमाग तो इथे पोहोचला. पळून जाण्याआधी पहारेकऱ्यांनी मारून टाकलेले शेवटचे चौदा जण खाटांवर तसेच होते. त्यांच्या पांढऱ्या समाध्या पटांगणात आहेत. फोटोतली खाट आणि समोरची खाट यांच्यात काही फूट अंतर असतं. पाहणाऱ्याची नजर एकीवरून दुसरीकडे जाते आणि फरश्यांची चौकड जुळवून बघते. हे आपण का करतो आहोत, हे त्याला सांगता येणार नाही, पण करतात बरेच जण.

पटांगणात कसरतीची लाकडी चौकट आहे. मुलं जिथे दोरावर चढत, तिथे कैद्यांना हात मागे बांधून उलटं टांगलं जाई आणि शुद्ध हरपली की खालच्या रांजणात डोकं बुडवलं जाई. ते रांजणही आहेत. शेजारी दहा नियमांचा फलक. त्यातला एक नियम असा, की फटके बसताना किंवा विजेचे झटके घेताना अजिबात रडायचं नाही. सगळ्यात जास्त फोटो या फलकाचे निघतात. डुचनं मात्र खटल्यात सांगितलं, की हा फलक त्याच्या कारकिर्दीतला नव्हे, संग्रहालय उभारणाऱ्या व्हिएतनामींनी तो बनवला. मारेकऱ्याच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण त्याच्या या दाव्यामुळे एक गोष्ट पुढे येते, जी फिरणाऱ्या पाहुण्याच्या गावी नसते. ही जागा जशी सापडली तशी जपली गेली, तशीच ती मांडलीही गेली. आणि मांडली गेली ती परक्यांसाठी.

सत्तेवरून गेल्यावरही ख्मेर रूजचीच माणसं संयुक्त राष्ट्रांत कंबोडियाच्या खुर्चीवर बसत होती. चीन, अमेरिका आणि शेजारची बरीच राष्ट्रं व्हिएतनामच्या आशीर्वादानं आलेल्या नव्या सरकारला मानायला तयार नव्हती. (भारतानं जुलै १९८०मध्ये मान्यता दिली, कम्युनिस्ट गटाबाहेरचा तो पहिला देश. पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याला अंगकोरच्या दुरुस्तीचं काम मिळालं, त्यामागे हा इतिहास आहे.) अशा वेळी जगाला दाखवायला पुरावा हवा होता. माई लाम हा व्हिएतनामी कर्नल या कामाला लागला. सायगावमधलं अमेरिकी युद्धगुन्ह्यांचं संग्रहालय त्याच्याच हातचं. त्यानं इथे काय ठेवायचं, काय कुठे टांगायचं ते ठरवलं आणि शेवटच्या दालनात तीनशे कवट्यांचा कंबोडियाचा नकाशा भिंतीवर लावला, नद्या लाल रंगात. हा नकाशा पुढे दोन दशकं लोकांनी पाहिला. २००२मध्ये तो उतरवला. त्याचा फोटो तेवढा उरला आहे.

१९७९मध्येच परदेशी पत्रकारांना इथे फिरवून आणलं जात होतं. सामान्यांसाठी दारं १९८०च्या जुलैत उघडली आणि ऑक्टोबरपर्यंत तीन लाखांवर कंबोडियन आणि सुमारे अकरा हजार परदेशी येऊन गेले. दोघांचं पाहणं मात्र निराळं. कंबोडियन माणूस भिंतीवरच्या फोटोंत आपला नवरा, भाऊ, मुलगी शोधत होता. परदेशी माणूस सगळं एकदम पाहत होता. आजच्या दिवशीही दालनातल्या गर्दीकडे थोडं लक्ष दिलं तर हा फरक अधूनमधून दिसतो. एखादी वयस्क बाई एकाच पॅनेलपाशी उभी असते, इतर लोक तिला वळसा घालून पुढे जातात.

फोटो ‘ब’ इमारतीत आहेत, ओळीनं, शेकड्यांनी. कैदी आणला की डोळ्यांवरची पट्टी काढत आणि लगेच फोटो घेत. त्यामुळे पुष्कळांच्या डोळ्यांत गोंधळ आहे, भीती पुरती उतरलेली नाही. शर्टावर टाचणीनं लावलेले आकडे. एका मुलाच्या अंगात शर्ट नाही आणि आकड्याची टाचणी थेट कातडीत टोचली आहे. कडेवर मूल असलेल्या बाया आहेत. फोटो काढणाऱ्या तुकडीचा प्रमुख न्येम एन हा विशीच्याही आतला होता, चीनमध्ये छायाचित्रण शिकून आलेला. २००९मध्ये त्यानं ख्मेर रूजचा म्होरक्या पॉल पॉट याच्या चपला आणि आपले दोन कॅमेरे लिलावाला काढून पाच लाख डॉलर मागितले.

सहा हजारांच्या आसपास निगेटिव्ह शाबूत सापडल्या. त्यातले बावीस फोटो १९९७मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं भिंतीवर लावले आणि कैद्याचा फोटो ही कलाकृती मानायची का, यावर तिकडे बराच वाद झाला. त्याहून विलक्षण प्रकार घडला २०२१च्या एप्रिलमध्ये. एका आयरिश कलावंतानं यातले फोटो संगणकावर रंगवले आणि रंगवता रंगवता काहींच्या चेहऱ्यांवर हसू आणलं. एका आंतरराष्ट्रीय संकेतस्थळानं ते छापलेही. कंबोडियाच्या सांस्कृतिक मंत्रालयानं निषेध केला, नातेवाइकांनी आवाज उठवला, फोटो उतरवले गेले. ज्या जागेच्या फाटकावर हसण्याला मनाईची पाटी आहे, तिथल्या मेलेल्यांना कुणीतरी हसवून दाखवलं. त्याआधी, २०१६मध्ये, पोकेमॉन गो हा मोबाइलवरचा खेळ कंबोडियात सुरू झाला, तेव्हा त्याच्या नकाशात तुओल स्लेंगही एक थांबा म्हणून उमटला होता आणि खेळाडूंना फाटकावर अडवायची पाळी संग्रहालयावर आली.

पर्यटकांवर तुटून पडणं सोपं आहे. ऑशविट्झच्या संग्रहालयाला २०१९मध्ये लोकांना विनवावं लागलं, की मृत्युछावणीकडे जाणाऱ्या रुळांवर तोल सांभाळत चालतानाचे फोटो काढू नका. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. हसून फोटो काढणारा माणूस बहुतेक वेळा निर्ढावलेला नसतो. त्यानं सकाळी राजवाड्यासमोर हेच केलेलं असतं, दुपारी बाजारात हेच करणार असतो, आणि मधल्या थांब्यावर वेगळं काय करायचं ते त्याला कुणी शिकवलेलं नसतं. देवळात काय करायचं हे ठाऊक असतं: चपला काढायच्या, हात जोडायचे. स्मशानातही ठाऊक असतं. तिकीट काढून पाहायच्या छळछावणीत काय करायचं, याची रीत अजून पडलेली नाही.

इथे आणखी एक प्रकरण सांगितलं पाहिजे, कारण ते प्रवाशांचंच आहे. ऑगस्ट १९७८मध्ये ‘फॉक्सी लेडी’ नावाची एक छोटी शिडाची नौका भटकत कंबोडियाच्या हद्दीत शिरली. तिच्यावर न्यूझीलंडचा केरी हॅमिल, कॅनडाचा स्टुअर्ट ग्लास आणि इंग्लंडचा जॉन ड्यूहर्स्ट असे तिघे तरुण होते. ग्लास समुद्रातच गोळीनं मेला. उरलेल्या दोघांना या शाळेत आणलं गेलं. सीआयएचे हेर असल्याची कबुली त्यांच्याकडून लिहून घेतली गेली आणि मग त्यांनाही मारलं. हॅमिलच्या कबुलीत त्याचा वरिष्ठ अधिकारी म्हणून नाव आहे कर्नल सँडर्स, म्हणजे तळलेल्या कोंबडीच्या दुकानांवरचा तो पांढऱ्या दाढीवाला. गुप्त संपर्काचा म्हणून दिलेला दूरध्वनी क्रमांक त्याच्या घरचा आहे. आणि प्रशिक्षक म्हणून दिलेलं ‘एस. टार’ हे नाव त्याच्या आईच्या एस्टर या नावावरून. छळ करणाऱ्याला कळू न देता त्यानं आईला निरोप ठेवला होता. त्याचा भाऊ रॉब यानं २००९मध्ये न्यायालयात डुचसमोर उभं राहून हे वाचून दाखवलं.

बाहेर पडायच्या वाटेवर, झाडाखाली, वर्षानुवर्षं दोन म्हातारे टेबल मांडून बसत आले आहेत. चुम मेय हा यांत्रिक. टंकलेखन यंत्रं आणि शिवणयंत्रं दुरुस्त करता येत होती म्हणून वाचला. बू मेंग हा चित्रकार; पॉल पॉटचं चित्र हुबेहूब काढलं म्हणून वाचला. तिसरा, वान नाथ, हाही चित्रकार; त्याच्या नावापुढे डुचनं ‘वापरण्यासाठी ठेवा’ असा शेरा मारला होता. तो २०११मध्ये वारला. छळाची त्यानं रंगवलेली चित्रं आतल्या दालनात आहेत. चुम मेयच्या पायाची नखं उपटली होती, कानातून विजेचे झटके दिले होते. त्याची बायको आणि तान्हं मूल पळापळीत गोळीनं गेलं. बू मेंगच्या बायकोलाही याच कोठडीत आणून पुढे मारलं गेलं आणि तिचा तो आकडेवाला फोटो त्याच्या टेबलावर असतो. दोघं आपापल्या आठवणींचं पुस्तक विकतात. पाहुणा पुस्तक घेतो, सही घेतो, शेजारी उभा राहून फोटो काढतो.

दिवसभरात माणूस सगळ्यात अवघडतो तो इथे. आतल्या खाटा आणि बेड्या मुक्या असतात. टेबलामागचा माणूस मात्र जिवंत आहे आणि तो हसतो आहे, पाहुण्याच्या खांद्यावर हात टाकतो आहे. मग पाहुण्यानं हसायचं की नाही? पुस्तक न घेता पुढे जायचं तर कसं? हा बाजार आहे असं म्हणून नाक मुरडणारे परदेशी लेखक पुष्कळ झाले. त्यांना विचारावंसं वाटतं, की ज्याला चाळीस-पन्नास वर्षं कुणी नुकसानभरपाई दिली नाही, त्यानं आपली गोष्ट विकून चार पैसे मिळवले तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण काय? संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं झालेल्या खटल्यात न्यायाधीशांनी पीडितांना दिलेली भरपाई मुख्यतः प्रतीकात्मक होती. सोळा वर्षं ते न्यायालय चाललं. दोषी ठरले तिघे.

तिसरा थांबा शहराच्या दक्षिणेला, पंधरा किलोमीटरवर. पूर्वी हा रस्ता भातशेतीतून जायचा. आता दोन्ही बाजूंना घरांच्या वसाहती, गोदामं, सिमेंटचे ट्रक. धुळीसाठी रिक्षावाला पाहुण्यांना तोंडावर लावायचा मास्क देतो. रात्री ट्रकमध्ये भरून नेलेले कैदी याच वाटेनं गेले. त्यांना सांगितलं जाई, की दुसऱ्या घरात हलवत आहोत.

चोएंग एक ही एके काळी फळबाग आणि चिनी लोकांची दफनभूमी होती. इथे १२९ खड्डे आहेत. त्यातले ८६ उकरले तेव्हा ८,९८५ जणांचे अवशेष निघाले. बाकीचे तसेच ठेवले. जागा शांत आणि हिरवी आहे; फुलपाखरं, कोंबड्या, कडेला तळं. खड्डे आता गवतानं भरलेल्या खोलगट बशा. पायवाटेवर लक्ष ठेवून चालावं लागतं, कारण पावसाळा झाला की मातीतून हाडाचे तुकडे, दात, कापडाच्या चिंध्या वर येतात. कर्मचारी ते गोळा करून काचेच्या पेटीत ठेवतात. चिंधीचा रंग कधीकधी अजून ओळखता येतो. पाहुणा वाकून बघतो, तेव्हा आधी त्याला ती झाडाची मुळीच वाटते.

गोळ्या महाग म्हणून इथे कुदळ, लोखंडी कांब, गाडीचा आस वापरला जाई. ताडाच्या देठाला करवतीसारखे दाते असतात, त्यानं गळे कापले. एका झाडाच्या बुंध्यावर लहान मुलांना आपटलं जाई. पाहुण्यांनी त्या झाडावर आणि शेजारच्या खड्ड्याच्या कुंपणावर हातातले रंगीत गंडे अडकवले आहेत, हजारोंनी. ही रीत कुणी घालून दिली नाही, ती आपोआप पडली. काय करावं ते सुचत नाही तेव्हा माणूस मनगटातलं काहीतरी काढून ठेवतो.

इथलं कानात ऐकू येणारं निवेदन उत्तम आहे आणि त्याचा एक परिणाम चटकन लक्षात येतो. शेकडो माणसं आवारात फिरत असतात, पण कुणी बोलत नाही. प्रत्येकाच्या कानात आपापल्या भाषेतला आवाज चालू असतो. आणखी एका झाडापाशी निवेदक थांबायला सांगतो. या झाडावर ध्वनिक्षेपक टांगून क्रांतिगीतं लावत, जोडीला डिझेल जनरेटरची घरघर, म्हणजे मरणाऱ्यांचे आवाज आसपासच्या लोकांना ऐकू जाऊ नयेत. मग कानात ते गाणं आणि ती घरघर एकत्र वाजवली जाते, कारण मारल्या गेलेल्यांच्या कानी शेवटी हेच पडलं. काही लोक इथे यंत्र कानावरून काढतात.

मधोमध १९८८ साली बांधलेला काचेचा उंच स्तूप आहे. आत सतरा थरांवर अस्थी, खालच्या थरांवर कवट्या, पाच हजारांवर. अलीकडे शास्त्रज्ञांनी त्यांची तपासणी केली, तेव्हापासून कवट्यांवर छोट्या रंगीत टिकल्या चिकटवलेल्या आहेत: अमुक रंग कुदळीचा घाव, अमुक रंग लोखंडी कांबेचा. काचेवर रंगांची सूची लावली आहे. चपला काढून आत जायचं. आतली वाट इतकी अरुंद आहे, की काचेपासून नाक वीतभरावर येतं आणि मागचा माणूस पाठीला लागतो. एक फेरी घालून लोक बाहेर येतात, काही जण दारातल्या पात्रात उदबत्ती लावतात.

२००५मध्ये नॉम पेन्हच्या प्रशासनानं ही जागा तीस वर्षांच्या करारानं एका जपानी कंपनीकडे चालवायला दिली, तेव्हा मोठी आरडाओरड झाली. मढ्यांवर नफा, असं म्हटलं गेलं. आरोप खोटा नव्हता. पण चांगला रस्ता, बाकं, निवेदन आणि शांतता ही सगळी नंतरची आहे.

बाहेर आल्यावर रिक्षावाला विचारतो: शूटिंग रेंज? हा प्रश्न ऐकून पाश्चात्त्य प्रवाशांनी पानंच्या पानं संताप लिहून ठेवला आहे. लष्कराशी संबंध असलेल्या आवारात पैसे मोजून रायफल झाडता येते, जास्त मोजले तर आणखी जड हत्यार. कवट्या पाहून आलेला माणूस तासाभरात बंदूक उचलतो, यातलं बीभत्सपण रिक्षावाल्याला दिसत नाही असं समजायचं कारण नाही. त्याच्या घरातही कुणीतरी गेलेलं असतं. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला विचारलं तर आजोबा किंवा मामा किंवा आईची सगळी भावंडं, असं सांगतो. पण त्याच्या मागच्या बाकावर बसलेल्यांपैकी काही जण हो म्हणतात, हा त्याचा अनुभव आहे. कार्डावर पाचवं चित्र गिऱ्हाइकांनी ठेवलं आहे.

मग रशियन मार्केट. ऐंशीच्या दशकात इथे सोव्हिएत माणसं खरेदी करत, म्हणून हे नाव. रेशीम, बनावट घड्याळं, मिऱ्याच्या पुड्या, लाकडी बुद्ध. विलक्षण गोष्ट अशी, की इथे लोक भरभरून खरेदी करतात. खूप वेळ आवळून धरलेलं काहीतरी सैल होत असावं. भूकही लागलेली असते.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे सगळं अगदी परकं आहे, असंही नाही. अंदमानच्या सहलीत सेल्युलर जेल असतंच, बहुधा पहिल्याच दिवशी, पुढचे दिवस समुद्राचे. सावरकरांच्या कोठडीपुढे लोक चपला काढतात, काही रडतात, संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम बघतात. तिथे काय करायचं ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे, कारण तिथे वीर आहेत, गोष्ट आहे आणि ती आपली आहे. योगायोग असा, की ते जेल राष्ट्रीय स्मारक झालं तेही १९७९च्या फेब्रुवारीत, नॉम पेन्ह मुक्त झाल्यानंतर महिन्याभरानं. तुओल स्लेंगमध्ये वीर नाहीत. कैद्यांतले पुष्कळसे स्वतःच ख्मेर रूजचे कार्यकर्ते होते, संशयानं पकडलेले. काही जण काल पहारेकरी होते, आज खाटेला. वंदन कुणाला करायचं, हा प्रश्न तिथे सुटत नाही आणि मराठी सहलीतल्या आजी-आजोबांना गाइड हे सांगतो, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ पाहण्यासारखा असतो.

या आजी-आजोबांचा एक प्रश्न मात्र तिथल्या गाइडांनाही अडवतो: या हाडांना अग्नी का दिला नाही? कंबोडिया बौद्ध देश आहे, दहन हीच तिथली रीत. आपल्या पितृपंधरवड्याच्याच तिथींना तिथे प्चुम बेन असतं; भाद्रपदाच्या अमावास्येपर्यंतचे पंधरा दिवस लोक पहाटे विहारांत जाऊन भाताचे गोळे ठेवतात, ज्यांना कुणी उरलं नाही अशा भुकेल्या आत्म्यांसाठीसुद्धा. राजे सिहानूक यांनी या अस्थींचं दहन करा, असं वेळोवेळी बोलून दाखवलं. सरकारनं ऐकलं नाही. २००१मध्ये हुकूम निघाला तो देशभरातल्या अस्थी पुरावा म्हणून जपायचा.

पुरावा कशासाठी, याचं उत्तर खटले संपल्यावरही संपलेलं नाही. डुच २०२०मध्ये जन्मठेप भोगताना वारला, पॉल पॉट तर १९९८मध्ये खटल्यावाचूनच गेला. पण २०१३मध्ये निवडणुकीच्या तोंडावर एका विरोधी नेत्यानं तुओल स्लेंग हा व्हिएतनामी बनाव असल्याचं म्हटल्याचा आरोप झाला, त्यानं तो नाकारला, आणि ख्मेर रूजचे गुन्हे नाकारणाऱ्याला तुरुंगात टाकणारा कायदा झाला. २०२५च्या फेब्रुवारीत तो आणखी कडक केला गेला. अशा कायद्याचा उपयोग विरोधकांवर होऊ शकतो, ही भीती तिथे आहेच. त्याच वर्षीच्या जुलैत युनेस्कोनं तुओल स्लेंग, चोएंग एक आणि डुचनं आधी चालवलेली एम-१३ ही जंगलातली कोठडी या तिन्ही जागा जागतिक वारशाच्या यादीत घातल्या. पंतप्रधान हुन मानेत यांनी देशभर ढोल वाजवायला सांगितले. रिक्षावाल्यांच्या कार्डांवर आता सहाव्या चित्राला जागा करता येईल. एम-१३ मात्र शहरापासून बरंच लांब, काम्पोंग छनांग प्रांतात आहे, तेव्हा भाव वेगळा पडेल.